गणिताच्या तासाला पोरं बोलली तर? गटचर्चा कधी जमते, कधी फसते

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एका बातमीने शिक्षकांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर बरीच खळबळ उडवली होती. राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातली तरतूद अशी, की दहावीला गणितात किंवा विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण पडले तरी अकरावीला जाता येईल. फक्त यापुढे हे विषय घेता येणार नाहीत, असा शेरा मिळेल. काहींच्या मते दर्जाची वाट लागली. काही म्हणाले, ज्याला आर्ट्सलाच जायचंय त्याला गणितापायी कशाला अडकवता? दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्यच होती: काही मुलांना गणित यायचं नाही. वर्गात ते शिकवतात कसं, यावर मात्र फारसं कुणी बोललं नाही.

खरं तर त्याबद्दल कागदावर पुष्कळ लिहिलेलं आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात शालेय गणिताचं मुख्य उद्दिष्ट म्हणून विचारांचं गणितीकरण सांगितलंय, म्हणजे गणिती पद्धतीने विचार करायची सवय. नंतरच्या धोरणांतही चर्चा, तर्क, मांडणी हे शब्द सारखे येतात. बालभारतीच्या नववी-दहावीच्या गणिताच्या पुस्तकांत 'चर्चा करूया'च्या चौकटी आहेत. वर्गात त्या चौकटींचं काय होतं, ते ज्यांच्या घरी नववी-दहावीचं मूल आहे त्यांना ठाऊक आहे. "हे घरी वाचून घ्या. चला, सरावसंच एक पूर्णांक दोन काढा."

गंमत म्हणजे आपल्याकडे प्राथमिकला चित्र बरंच वेगळं आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटपासून (बीट म्हणजे शाळांचा गट) गाजलेल्या ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकायच्या, वर्गांत पहिली-दुसरीची मुलं फरशीवर गटागटाने बसून आपसांत बोलत गणित करतात. तीच मुलं आठवीत आली की बाकांच्या रांगांत, सगळी तोंडं फळ्याकडे. विषय अवघड होतो नेमका तेव्हाच बोलणं बंद.

गटचर्चा कशाला म्हणायचं?

व्याख्या एकदाच करून टाकू. दोन ते चार मुलांनी, आधी एकेकट्याने विचार करून, मग एकाच प्रश्नावर एकमेकांना कारणं द्यायची आणि मागायची, ही गटचर्चा. चार बाकं जोडून एका हुशार मुलाच्या वहीतून तिघांनी उतरवणं यात बसत नाही. शिक्षक ऑफिसात गेलेत म्हणून मॉनिटरने तास घेणंही बसत नाही. रंगीत चार्टपेपरचा प्रकल्प तर नाहीच नाही.

कळीचा शब्द 'कारण'. बोर्डाच्या भूमितीत सिद्धता लिहिताना प्रत्येक विधानापुढे कंसात कारण लिहावं लागतं: (पक्ष), (विरुद्ध कोन), (बाकोबा कसोटी). बरीच मुलं विधानं पाठ करतात आणि कंस रिकामा सोडतात. शेजारच्याने "पण हे कशावरून?" असं विचारलं की त्या कंसात काय लिहायचं हे तोंडी शोधावं लागतं.

नुसतं बोलून गणित कसं येईल?

रोजच्या रस्त्याने आपण डोळे मिटून घरी जातो. पण पाहुणा पहिल्यांदाच येतोय आणि त्याला फोनवर पत्ता सांगायचा आहे, की गडबडायला होतं. गिरणीच्या आधी वळायचं की नंतर? तो बोळ डावीकडचा पहिला की दुसरा? रस्ता माहीत असणं आणि तो दुसऱ्याला सांगता येणं यातली फट तेव्हा कळते. गणितातही "मला येतं, पण सांगता येत नाही" असं मुलं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा कुठलं तरी वळण त्यांनी न बघताच घेतलेलं असतं.

नोरीन वेब या अमेरिकी संशोधक १९८० च्या दशकापासून गणिताच्या वर्गातल्या लहान गटांचा अभ्यास करत आल्या. त्यांच्या कामातून पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी: गटात जो सविस्तर समजावून सांगतो त्याचा चांगला फायदा होतो. ज्याला नुसतं उत्तर मिळतं त्याचा काही फायदा होत नाही, उलट तोटाही होतो. म्हणजे मुलं एकत्र बसवली एवढ्याने काही साधत नाही. त्यांच्यात देवाणघेवाण कशाची होते यावर सगळं आहे.

आणखी एक साधी बाब वेळेची. १९७० च्या दशकात मेरी बड रो या अमेरिकी संशोधकांनी वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत आणि पुढच्या मुलाकडे वळत. तेच तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात, कारणांसकट येतात आणि एरवी गप्प बसणारीही बोलतात. ते वर्ग विज्ञानाचे होते. पण "सांग, सांग, लवकर... बस खाली, तू सांग" हे आपल्या गणिताच्या तासालाही काही अनोळखी नाही.

'बाबाको'चा एक तास

आता एक उदाहरण जवळून बघू. त्रिकोणांच्या एकरूपतेच्या कसोट्या मुलांना पाठ असतात: बाबाबा, बाकोबा, कोबाको, कर्णभुजा. एखादा खोडकर विचारतो, "मॅडम, बाबाको का नाही?" म्हणजे दोन बाजू आणि त्यांच्यामध्ये नसलेला कोन जुळला तर? नेहमीचं उत्तर, "ती कसोटी नाही, लक्षात ठेवा." परीक्षेपुरतं ते पुरतं.

याऐवजी फळ्यावर एवढंच लिहायचं: त्रिकोण अबक काढा. कोन अ ३० अंश, बाजू अब ८ सेंमी, बाजू बक ५ सेंमी. मग अक मोजा. पहिली पाच मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही.

मुलं ८ सेंमीचा रेषाखंड काढतात, अ पाशी ३० अंशांचा किरण काढतात, ब वर कंपासचं टोक ठेवून ५ सेंमीचा कंस मारतात. कंसाने किरण छेदला की तिथे क. झालं. आता शेजाऱ्याशी अक ताडून बघा म्हटलं की गोंधळ सुरू होतो.

"माझं ३.९ आलंय."

"छे, ९.९ आहे. तुझा कंपास सरकला."

"सरकला नाही, मोजून बघ. बक पाचच आहे."

"माझीपण पाचच आहे!"

आधी सगळे एकमेकांच्या चुका शोधतात. कोनमापक उलटं धरलं होतं का, शिसं बोथट आहे का. मोजमापं पुन्हा होतात आणि दोघांचीही बरोबर निघतात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं, की कंस थोडा लांब ओढला तर तो किरणाला दोनदा छेदतो. एक छेद अ च्या जवळ, एक लांब. पहिला छेद मिळाला तिथेच प्रत्येक जण थांबला होता. दिलेल्या तिन्ही मापांचे दोन वेगळे त्रिकोण तयार झाले, म्हणून बाबाको ही कसोटी होऊ शकत नाही. हे वाक्य शिक्षकांनी सांगितलेलं नाही, दोन वह्यांच्या भांडणातून ते निघालंय.

शिक्षकाचं खरं काम इथून पुढे. बक ४ सेंमी घेतली तर? कंस किरणाला नुसता स्पर्श करतो, क पाशी काटकोन होतो आणि त्रिकोण एकच मिळतो. ३ घेतली तर? कंस पोचतच नाही, त्रिकोण होत नाही. ९ घेतली तर? एकच छेद, कारण दुसरा अ च्या पलीकडे, किरणाबाहेर जातो. आणि शेवटी: कोन अ ३० ऐवजी ९० अंश असेल तर? आता रेषेवरचे दोन छेद अ च्या दोन बाजूंना सारख्याच अंतरावर पडतात आणि दोन्ही त्रिकोण एकमेकांची आरशातली प्रतिमा होतात, म्हणजे एकरूपच. पुस्तकात सुटी वाटणारी 'कर्णभुजा' ही बाबाकोचीच एक भाग्यवान अवस्था निघते. पस्तीस मिनिटांत इतकं हाताला लागणं, माझ्या मते, पाच सरावसंचांपेक्षा मोलाचं आहे.

मग कुठलाही प्रश्न गटात द्यायचा का?

मुळीच नाही, आणि बहुतेक प्रयोग इथेच आपटतात. "२क्ष + ३ = ११, गटात चर्चा करा" यात चर्चा करण्यासारखं आहे काय? एक जण चार सेकंदांत क्ष = ४ म्हणतो, बाकीचे लिहून घेतात आणि राहिलेला वेळ क्रिकेटवर जातो. रीत ठरलेली आहे तिथे सराव हवा, आणि तो एकट्याने.

चर्चेला लागतो असा प्रश्न, ज्यावर दोन शहाण्या मुलांचं पटणार नाही. उदाहरणार्थ, 'नेहमी, कधीकधी की कधीच नाही?' या धाटणीचे. संख्येचं वर्गमूळ त्या संख्येपेक्षा लहान असतं का? वर्ग 'नेहमी' म्हणतो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी पाव काढतं, ज्याचं वर्गमूळ अर्धा. आयताची परिमिती वाढली की क्षेत्रफळ वाढतं का? पाच बाय पाचची परिमिती २०, क्षेत्रफळ २५. दहा बाय एकची परिमिती २२, क्षेत्रफळ १०.

किंवा वेगाचं जुनंच गणित: जाताना गाडी ताशी ४० किमीने, येताना ताशी ६० ने, तर सरासरी वेग किती? वर्ग एका सुरात ५० म्हणतो. अंतर १२० किमी धरून करून बघा म्हणावं. जायला तीन तास, यायला दोन, २४० किमीला पाच तास, म्हणजे ४८. पन्नास का नाही, यावर मुलं भांडतील तेवढं भांडू द्यावं. संथ वेगात जास्त वेळ गेला, हे कारण त्यांच्याच तोंडून यायला हवं.

चुकीचं सोडवलेलं गणित देऊन चूक कुठे आहे ते शोधायला लावणं हाही हमखास चालणारा प्रकार. (अ + ब)² = अ² + ब² ही अजरामर चूक यासाठी उत्तम.

म्हणजे आधी शिकवायचंच नाही?

यावर संशोधकांतच जुंपलेली आहे, आणि दोन्हीकडे तथ्य आहे. ऑस्ट्रेलियाचे जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात बीजगणितावर प्रयोग करून दाखवलं, की अगदी नवख्या मुलाला आधी सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला देणं हे त्याला थेट गणितात ढकलण्यापेक्षा फायद्याचं ठरतं. उलट मनू कपूर यांनी सिंगापूरच्या नववीच्या मुलांना विचरणाचं, म्हणजे आकडे किती विखुरलेत ते मोजण्याचं, सूत्र न शिकवता गटात झगडू दिलं. त्यांना ठरलेलं सूत्र सापडलं नाही, पण नंतर शिकवल्यावर त्यांची समज आधी शिकवलेल्या मुलांपेक्षा खोल निघाली.

मला यातून एवढं कळतं: नवी रीत आणि चिन्हं शिकवून टाकावीत, त्यांवर चर्चा घालू नये. ज्या कल्पनेबद्दल मुलांच्या मनात आधीच काहीबाही समज आहेत, तिथे आधी त्यांना बोलू द्यावं. आणि कपूर यांच्या वर्गातही शेवटी शिक्षकांनी शिकवलंच, हे चर्चेचे भक्त सोयीने विसरतात.

पोर्शन कधी संपवायचा?

हा आक्षेप सगळ्यांत खरा आहे. मध्येच निवडणुकीचं काम, ऑनलाइन माहिती भरणं, प्रशिक्षणं. त्यात रोज चर्चा कोण करणार? कुणी करूही नये. एका प्रकरणात एक तास चर्चेचा, तोही मुलं दरवर्षी जिथे घसरतात त्या जागी, एवढं केलं तरी बीजगणित-भूमिती मिळून वर्षात पंधराएक तास जातात. प्रत्येक अनुभवी शिक्षकाला त्या जागा तोंडपाठ असतात. बाकीच्या तासांना नेहमीसारखं शिकवायचं, फक्त अधूनमधून "शेजाऱ्याला दोन मिनिटांत कारण सांग" एवढी भर घालायची.

साठ मुलं, आणि शेजारच्या वर्गाची तक्रार

हिशेब करून बघा. तास ३५ मिनिटांचा, मुलं ६०. शिक्षकांनी तोंडही उघडलं नाही आणि एकेकाला उठवून बोलतं केलं, तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३५ सेकंद. त्याच वर्गात बाकावरच्या जोड्यांना चार मिनिटं दिली तर प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात, आणि बाक हलवावं लागत नाही. मोठा वर्ग हे जोडीचर्चा टाळण्याचं कारण वाटतं, पण आकडे उलटंच सांगतात. चार-पाचांचे गट मात्र साठांच्या वर्गात करू नयेत. तिथे दोघं बोलतात, तिघं बघतात.

जपानमध्ये माध्यमिकचे वर्ग चाळीसपर्यंतचे असतात आणि चर्चा तिथे गणिताच्या तासाचा कणा आहे. १९९५ साली जर्मनी, जपान आणि अमेरिका या तीन देशांतल्या आठवीच्या गणिताच्या २३१ तासांचं चित्रीकरण करून तुलना झाली, तेव्हा हे सगळ्या जगाने पाहिलं. एकच प्रश्न, आधी प्रत्येकाने एकट्याने झुंजायचं. शिक्षक बाकांमधून फिरत कुणी काय केलंय ते टिपतात, आणि मग ठरवून तीन-चार जणांना क्रमाने फळ्यावर बोलावतात: आधी साधी, लांबलचक रीत, शेवटी सुटसुटीत. फळा तास संपेपर्यंत पुसायचा नाही, म्हणजे सगळ्या रीती शेजारी-शेजारी दिसतात. आपल्याकडे फळा दर सात मिनिटांनी पुसतात. ही सवय बदलायला ना जीआर लागतो, ना निधी.

आवाजाचं म्हणाल तर होतो. शेजारच्या वर्गाच्या बाई दारात येतात. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

सगळ्यांचंच चुकलं, आणि चूकच पक्की झाली तर?

आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवायची, अशी ही शंका. २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात कोलोरॅडो विद्यापीठातला एक अभ्यास आला. विषय जनुकशास्त्र होता, मुलं कॉलेजची. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर दिलं, मग शेजाऱ्यांशी चर्चा करून पुन्हा दिलं, आणि मग त्याच कल्पनेवरचा दुसरा प्रश्न एकट्याने सोडवला. ज्या गटांत सुरुवातीला कुणाचंच उत्तर बरोबर नव्हतं, त्यांतली मुलंही दुसऱ्या प्रश्नात सुधारली. म्हणजे हुशार शेजाऱ्याचं ऐकून हात वर केला, एवढाच तो प्रकार नव्हता.

तरी अट एक आहेच. शेवटची दहा मिनिटं शिक्षकांची. कुठलं कारण टिकलं, कुठलं पडलं आणि का, हे फळ्यावर नीट लिहिलं गेलं नाही तर शंका खरी ठरते.

आणि जी बोलतच नाहीत ती मुलं?

माझ्या लेखी सगळ्यांत गंभीर मुद्दा हाच. स्टॅनफर्डच्या एलिझाबेथ कोहेन यांनी आयुष्यभर यावर काम केलं. त्यांचं म्हणणं, गटात कोण बोलेल हे विषयाच्या समजेपेक्षा वर्गातल्या वजनावर ठरतं. ज्याला सगळे 'हुशार' मानतात तो बोलतो, बोलतो म्हणून आणखी शिकतो, आणि दरी रुंदावते. आपल्याकडे या वजनात काय काय मिसळलेलं असतं ते सांगायला नको: आडनाव, क्लास कुठला, बोली कुठली, मुलगा की मुलगी.

यावर उपाय आहेत, पण ते आपोआप होत नाहीत. एकट्याने लिहायची पाच मिनिटं सक्तीची, म्हणजे गप्प मुलीच्या वहीतही काहीतरी असतं. गट चिठ्ठ्या टाकून, दर वेळी वेगळे. गटाचं उत्तर कोण सांगणार हे शेवटच्या क्षणी शिक्षक ठरवणार, त्यामुळे हुशार मुलाला बाकीच्यांना समजावल्याशिवाय सुटका नाही. आणि गप्प मुलाच्या वहीत चांगली कल्पना दिसली तर शिक्षकांनी ती त्याचं नाव घेऊन सगळ्यांदेखत सांगायची.

भाषेचाही प्रश्न आहे. सेमीच्या वर्गात पुस्तक इंग्रजी, डोकं मराठीत चालतं. "हा अँगल त्याच्याएवढाच आहे, कारण दोन्ही लाइन पॅरलल आहेत" हे वाक्य गणित म्हणून निर्दोष आहे. चर्चेत ते तसंच चालू द्यावं. शुद्ध इंग्रजी वहीत उतरवताना बघता येतं. अहिराणीत किंवा पावरीत कुणी शेजाऱ्याला समजावत असेल तर उत्तमच.

हुशार मुलांचं नुकसान होत नाही का?

पालकसभेत हे हमखास येतं: "आमच्या मुलीने दुसऱ्यांना का शिकवत बसायचं?" वर वेब यांचं काम सांगितलंच. समजावणाऱ्याच्या पदरात जास्त पडतं. बर्कलेचा दाखलाही बघा. १९७० च्या दशकात तिथे यूरी ट्रीझमन यांनी विद्यार्थी कॅल्क्युलसचा अभ्यास कसा करतात ते त्यांच्या खोल्यांत जाऊन पाहिलं. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी एकट्याने गणितं करत आणि मग जमून एकमेकांचं तपासत. कृष्णवर्णीय विद्यार्थीही मेहनत घेत, पण एकट्याने, आणि त्यांतले बरेच नापास होत. ट्रीझमननी त्यांच्यासाठी गटांच्या कार्यशाळा सुरू केल्या. त्यांत सोपी उजळणी न घेता मुद्दाम अवघड गणितं दिली. निकाल पालटले.

बोर्डाला याचे मार्क आहेत का?

चर्चेला म्हणून नाहीत. पण ४० गुणांच्या पेपरात सिद्धतेतली कारणं आहेत, 'कृती पूर्ण करा'मधल्या रिकाम्या चौकटी आहेत आणि शेवटी पुस्तकाबाहेरचा प्रश्न आहे, जिथे गाइड उपयोगाचं नसतं. शिवाय दोन्ही भाग मिळून २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. ते बहुतेक ठिकाणी कसे भरले जातात त्यावर न बोललेलंच बरं. त्यातले पाच गुण 'रीतीचं कारण तोंडी सांगणं' याला दिले, तर पालकसुद्धा चर्चेची चौकशी करू लागतील.

घरी काय करता येईल?

पालकांना दहावीचं गणित यायलाच पाहिजे असं नाही. न येणं सोयीचंच. "उत्तर बरोबर आलं का?" याऐवजी "ही दुसरी पायरी पहिलीवरून कशी आली, मला सांग" एवढं विचारावं. समजेपर्यंत मान डोलवू नये. आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संध्याकाळी गृहपाठाचे जे फोटो फिरतात, त्यांत सोडवलेल्या गणिताऐवजी अडलेली पायरी टाकायची, असं चार-पाच मैत्रिणींनी आपसांत ठरवलं तरी तो ग्रुप उतरवण्यापेक्षा बऱ्या कामाला लागेल.